माल पोचल्याचा निरोप

लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा तिथं खोली मिळणं म्हणजे एक दिव्यच होतं. कचेऱ्याच भाड्याच्या जागांत थाटलेल्या, एका टेबलाला दोन दोन कारकून, तिथं कारकुनाच्या राहण्याचा विचार कोण करतो. मी नांदेडहून बदलून आले होते. मूळची कंधारकडची, एकटी, सरकारी नोकरीतली पोरगी. घरमालक आधी बदलीची ऑर्डर बघायचे आणि खूश व्हायचे. मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाच्या तरी मेव्हण्याला नाहीतर भाच्याला दिलेली असायची. त्या वर्षी लातुरात इतके मेव्हणे आणि भाचे राहायला आले होते की जिल्हा बहुतेक त्यांच्यासाठीच झाला असावा.

शेवटी गंजगोलाईमागच्या बोळात एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिले. पुढं गाद्यांचं दुकान, मागं घर. म्हातारा कापसाच्या ढिगात बसलेला, दाढी कुठं संपते आणि कापूस कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. त्यानं ऑर्डर बघितली नाही, आडनाव विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "बाई, एक सांगा. जळालं का बुडालं?"

"काय?"

"जे बी वाटतंय ते सांगा. जळालं का बुडालं?"

दिवसभर हिंडून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. मी म्हणाले, "चाचा, मला काय माहीत? मी थोडंच बघितलंय?"

म्हातारा खूश झाला. आतल्या मुलीला हाक मारून म्हणाला, "खोली दाव गं बाईला. न पाह्यलेलं सांगत न्हाई ही." अशी मला खोली मिळाली, आणि पुढची बदली होईपर्यंत मी त्याच घरात राहिले.

हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारायचा, हे मला मागून कळलं. गादी भरायला आलेल्या गिऱ्हाइकाला, पोस्टमनला, मोजणीला आलेल्या नव्या साहेबाला. साहेब आधी गोंधळले, मग चौकशी करून कळवतो म्हणाले. बोळातल्या एका नात्यातल्या पोरीला बघायला पाहुणे आले, तर म्हाताऱ्यानं चहा यायच्या आधीच नवऱ्या मुलाला विचारलं. पोरगा गडबडून म्हणाला, "जळालं." म्हातारा उठला आणि पोरीच्या बापाला बाजूला घेऊन म्हणाला, "पहिल्या झटक्याला ज्याच्या तोंडात आग येती, त्याच्या घरी लेक देऊ नको." लोक त्याला हसले. स्टोव्ह भडकून सुना मेल्याच्या बातम्या तेव्हा रोजच्या होत्या, त्यामुळे मला काही हसू आलं नाही.

सगळ्यात चांगलं उत्तर आमच्या कचेरीतल्या एका टँकर ड्रायव्हरनं दिलं होतं. मी टंचाई शाखेत होते. कोणत्या गावाला टँकर गेला, कोणत्या गावाला नाही, हे सांभाळणं आणि न गेलेल्या गावांच्या शिव्या खाणं हे माझं काम. हा ड्रायव्हर कधीमधी चहाला घरी यायचा. म्हाताऱ्यानं विचारल्यावर तो बशीतला चहा संपवून म्हणाला, "बुडालं असंल तर नशीबवान मनायचं, चाचा. पाण्यात मेलं." म्हाताऱ्यानं त्याला दुसरा चहा पाजला.

तर ही गोष्ट एका जहाजाची होती. मांजरा नदीपेक्षा मोठं पाणी ज्या घरात कुणी बघितलं नव्हतं, त्या घरात उठता बसता जहाज असायचं.

अमेरिकेत लढाई पेटली आणि विलायतेतल्या गिरण्यांना आपल्या इकडचा कापूस गोड लागायला लागला, तेव्हाची हकिकत. म्हाताऱ्याचा पणजोबा, त्याच्या भाषेत पडदादा, एका व्यापाऱ्याच्या कापसाबरोबर बैलगाड्यांतून मुंबईला गेला. तिथून माल शिडाच्या जहाजानं जाणार होता. आता कापसाचं असं आहे की गठाण ओली राहिली तर आतल्या आत तापते. बाहेरून दिसायला जशीच्या तशी, आणि पोटात विस्तव. भर समुद्रात अशी गठाण पेटली तर जहाज गेलंच. म्हणून गोऱ्या साहेबाला एक असा माणूस हवा होता की ज्याच्या हाताला ओल कळते. त्यानं रोज गठाणींमध्ये शिरायचं, हात घालून बघायचं, तापलेली उघडून तिला वारा द्यायचा. पडदादाचा हात मुलखात नावाजलेला होता. वर्षभरात परत येतो म्हणून तो जहाजावर चढला.

मग काही नाही. जहाज विलायतेला लागलं नाही. आफ्रिकेच्या टोकाकडं दुसऱ्या एका जहाजानं ते लांबून बघितलं होतं, एवढीच शेवटची खबर. वारा चांगला असून त्याची शिडं उतरवलेली होती आणि भोवती पांढरं काही तरी होतं. धूर होता की वाफ, ते सांगता आलं नाही. नंतर एक फळी सापडली नाही, एक गठाण किनाऱ्याला लागली नाही. व्यापाऱ्याचा मुनीम गावात येऊन पडदादाच्या बायकोला म्हणाला, वाट बघा. ती बाई तिच्या मरणापर्यंत बघत राहिली, आणि तिच्यानंतर घरानं तेच चालवलं.

मेल्याची खबर नाही तर जनाज्याची नमाज कशाची पढायची, असं तेव्हाच्या मौलवींनी सांगितलं होतं. त्यामुळं पडदादा ना जित्यात होता ना मेल्यात. म्हातारा ऐंशीच्या घरात आलेला, मुलगा नाही, एक मुलगी, तीही विधवा होऊन माहेरी आलेली. तिला मी आपा म्हणायचे. म्हातारा मला म्हणायचा, "बेटी, मला कबरीत जायची घाई हाय. पन त्याला माती भेटल्याबिगर मी कसा जाऊ? माझ्यामागं त्याची वाट पाह्यनारं कोन हाय?" हे बोलताना त्याचा आवाज अगदी रोजचा असायचा, दूध नासलं म्हणून सांगावं तसा.

दुकानाच्या आतल्या खोलीत एक गादी होती. तिच्यावर कुणी झोपायचं नाही, बसायचंही नाही. मला आधी वाटलं पीरबीर काही असेल. आपानं सांगितलं तेव्हा कळलं, तो नमुना होता.

कापसाच्या धंद्यातली ती जुनी रीत. माल पाठवताना प्रत्येक गठाणीतून मूठभर रुई काढून घरी ठेवायची. तिकडून तक्रार आली तर ताडून बघायला. माल पोचल्याचा निरोप आला की नमुना सुटला, मग त्याचं काहीही करा. निरोप येईपर्यंत मात्र तो टाकायचा नाही, विकायचा नाही, मोडायचा नाही. जहाजावर गेलेल्या गठाणींचा नमुना पडदादाच्या घरात राहिला होता. निरोप आला नाही, म्हणून नमुना सुटला नाही. त्याच्या बायकोनं एवढा कापूस कुठं ठेवायचा म्हणून त्याची गादी भरली. मग दर उन्हाळ्यात ती उसवायची, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं.

म्हाताऱ्याचं म्हणणं, नमुना आणि गठाण हा एकच कापूस. तिकडं जे होतं ते इकडं कळतं.

मी शिकलेली होते, असल्या गोष्टींना हसणारी होते. पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी त्यानं मला त्या खोलीत नेलं आणि गादीच्या उसवलेल्या कडेतून हात घालायला सांगितलं. मी तळहात लावला. "असा न्हाई," तो म्हणाला. "तळहात कामानं मेलेला ऱ्हातो, खोटं बोलतो. हाताची पाठ लाव. आमच्या घरची ही रीत कुनाला ठावं न्हाई." मी हाताची पाठ लावली. बाहेर ऊन असं होतं की दोरीवर टाकलेलं लुगडं पिळा सुटायच्या आत वाळत होतं. आत कापूस गार होता आणि ओला होता.

"आपा पाणी शिंपडत असतील," मी म्हणाले.

त्या घरात हंडाभर पाण्यावर तिघांचा दिवस निघायचा. भांडी राखेनं घासायची, तोंड धुतलेलं पाणी झाडाला नाहीतर कोंबड्यांना. पाणी शिंपडणार कोण आणि कुठलं?

"अजून तरंगून राह्यलंय," तो म्हणाला. "शिडं न्हाईत, मानूस न्हाई. पन तरंगून राह्यलंय."

हात मी पदराला पुसला. दिवसभर तो मला ओला वाटत राहिला.

म्हाताऱ्याच्या बाकीच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. तो घरात पाय फाकवून, डोलत्या फळीवर चालावं तसा चालायचा, आपा म्हणायची त्याचा बापही तसाच चालायचा आणि आजाही. कधी कधी सकाळीच तो भांड्यांची फळी सुतळीनं बांधून टाकायचा आणि म्हणायचा, "आज हालनार." आणि दुपारी, घरात हवेची झुळूक नसताना, फळीवरची भांडी हलकेच एकमेकांना लागायची. पुढं किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मला त्या भांड्यांची आठवण आली, आणि मी मनाची समजूत घातली की जमीनच तेव्हापासून हलत असणार. एकटी असले की ती समजूत पुरत नाही.

पण मला तो आवडायचा. कचेरीतून शिव्या खाऊन आले की तो पिंजण थांबवून म्हणायचा, "आज किती गावं तहानली बेटी?" आणि मी सांगितलं की प्रत्येक गावाचं नाव ऐकून मान हलवायचा. बाकी कुणी मला तसं विचारत नव्हतं.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा पहिल्यापेक्षा वाईट निघाला. विहिरींच्या तळाची माती फुटली. बोळाच्या दोन्ही तोंडांना टँकर यायचे आणि बाया सकाळपासून रिकाम्या घागरी रांगेला लावून तिथंच बसायच्या. त्या उन्हाळ्यात नमुना तापला.

म्हाताऱ्यानं मला बोलावलं आणि गादीकडं बोट केलं. मी हाताची पाठ लावली. माणूस नुकताच उठून गेलेल्या अंथरुणाला असते तशी ऊब नव्हती ती. चुलीमागच्या भिंतीला असते तशी होती. आणि कापूस ओलाच होता.

"पेट धरनार आता," म्हातारा म्हणाला. "तिथं हात घालनारा कोन हाय? मलाच वारा द्यावा लागंल."

त्या दिवसापासून त्यानं गिऱ्हाइकांचं काम बंद केलं. रोज गादी उसवायची, सगळा कापूस बाहेर काढायचा, पिंजणाची तात त्याच्यात घालून दुपारभर पिंजत बसायचं, संध्याकाळी परत भरायचा. पडदादानं जहाजावर जे काम करायचं होतं ते तो लातुरात बसून करत होता. दुसऱ्या दिवशी कापूस पुन्हा तापलेला. जन्मभर पिंजून कापसाची पिंज छातीत बसलेली, त्यात हे. खोकला लागला की त्याला दम परत मिळायला इतका वेळ लागायचा की आपा हातातलं काम टाकून दाराशी उभी राहायची. एकदा त्याच्या फडक्यावर रक्त दिसलं. आपानं फडकं लपवलं, त्यानं ते मागून घेतलं आणि त्यानंच तोंड पुसलं.

"फेकून देऊ का तो कापूस?" तिनं मला विचारलं. "रातीतून नेऊन जाळून टाकू?"

"जाळाल तर त्यांना काय वाटेल?"

"हाव," ती म्हणाली. "जाळलं तर तिकडं बी जळंल मनून हाय खाऊन मरतील. आन न्हाई जाळलं तर पिंजून मरतील."

मग तिनं मला ते मागितलं. म्हणाली, "बाई, तुम्ही सरकारी मानूस. कुनाला तरी पाठवा. बाहेरचा मानूस दारात येऊन 'माल पोचला' मनला की नमुना सुटला. तोंडी निरोपच लागतो. एवढं करा. माझा बाप वाचंल."

खोटं बोलायचं मला वाईट वाटलं नाही. बाप मरताना दिसत असलेल्या लेकीपुढं खरं-खोटं घेऊन बसण्याइतकी मी मोठी नव्हते. मी त्या चहावाल्या ड्रायव्हरला गाठलं. म्हाताऱ्यानं त्याला बघितलेलं होतं, म्हणून त्यानं आपल्या ओळखीच्या कुणाला तरी घेऊन यायचं आणि बोलायचं त्या माणसानं, असं ठरलं. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर. ड्रायव्हर म्हणाला, "म्याडम, पुन्याचं काम हाय, करून टाकू."

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. म्हातारा नमाजाहून आला, पाणी न पिता पिंजायला बसला. आपा चुलीजवळ, मी मधल्या दाराआड. पिंजणाची तात तुंय तुंय वाजत होती आणि दारात उन्हाचा पांढरा पट्टा पडला होता. त्या पट्ट्यात एक माणूस येऊन उभा राहिला.

म्हाताऱ्यानं वर न बघता सवयीनं विचारलं, "जळालं का बुडालं?"

"पोचलं," माणूस म्हणाला.

तात थांबली.

"माल पोचला," तो पुन्हा म्हणाला.

ड्रायव्हर स्वतः कुठं दिसत नव्हता, पण माणूस त्यानं बरा निवडला होता, असं मला वाटलं. मध्यम वयाचा, उन्हानं काळा पडलेला. एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. त्या दिवसांत बाहेरून येणारा प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं भरलेला असायचा. ह्याच्या अंगावर धुळीचा कण नव्हता. कपडे धुतलेले होते, आणि खळ दिल्यासारखे ताठ वाळलेले.

म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. मग त्यानं विचारलं, "ओला का कोरडा?"

माणूस आत आला. कापसाजवळ उकिडवा बसला, ढिगात हात घातला, हाताची पाठ इकडं तिकडं लावून बघितली. घाई अशी काही नव्हतीच त्याला.

"एक गठान वली हाय," तो म्हणाला. "मालासंगचा मानूस जिच्यावर निजायचा ती. बाकी समदं कोरडं."

आपा तांब्या घेऊन आली. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, दुष्काळ असला तरी. त्यानं तांब्याला हात लावला नाही. "नगं," तो म्हणाला. "पानी लई झालं." आणि उठून आला तसा उन्हात गेला.

आपानं पदर तोंडाला लावला. रडत होती ती. "अब्बा, सुटला नमुना," ती म्हणाली. "आता नका पिंजू."

म्हातारा त्या ढिगाकडं बघत बसला होता. मला वाटलं तो हसेल, दुवा म्हणेल, आडवा होईल. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"मी मालाचं इचारलं," तो म्हणाला. "मानसाचं इचारलंच न्हाई."

सबंध घराण्यानं ज्या एका प्रश्नासाठी जन्म काढले तो विचारायची वेळ आली, आणि धंद्याच्या सवयीनं तोंडात आलं, ओला का कोरडा. म्हातारा धडपडत उठला आणि अनवाणी बोळात पळाला. मी त्याच्यामागं. बोळ रिकामा होता. दोन्ही तोंडांना घागरींच्या रांगा होत्या आणि बाया बसलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, ह्या उन्हात कुत्रं सुद्धा गेलं न्हाई चाचा. तापलेल्या फरशीवर म्हाताऱ्याचे पाय भाजत होते, पण त्याला धरून घरात आणायला मला बराच वेळ लागला.

संध्याकाळी आपा मला हळूच म्हणाली, "तुमचे लई उपकार झाले, बाई. फकस्त त्याला एवढं सांगून ठेवायला पायजे होतं, मानूस बी सुखरूप हाय मनून." मलाही तेच लागलं होतं. इतका विचार केला आणि हेच कसं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ड्रायव्हर मान खाली घालून समोर आला. "म्याडम, माफी करा. काल जमलंच न्हाई. औशाच्या पुढं टँकर बंद पडला, रात तिथंच काढली. आज जातो."

मी त्याला नको म्हणाले. उरलेला दिवस मी कोणत्या गावाला काय पाठवलं ते मला आजही आठवत नाही.

आपाला मी ते सांगितलं. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत होती, तशीच थांबली. "मंग तो कोन हुता?" ती म्हणाली. आम्ही दोघींनी ठरवलं की म्हाताऱ्याला कळू द्यायचं नाही.

त्याला कळायचं काही राहिलं नव्हतं. तो खोलीत बसून कापूस मूठ मूठ करून वेगळा करत होता. एक मूठ उचलायची, हाताची पाठ लावायची, बाजूला ठेवायची. सगळा कापूस कोरडा आणि गार होता. अंगणात ठेवला असता तर उडून गेला असता, इतका हलका.

"त्याचा हात पाह्यला का तुम्ही?" त्यानं विचारलं. "पाठ लावली त्यानं. तळहात न्हाई लावला."

आपानं स्वतःचा हात उलटा करून बघितला.

"मालाचा निरोप कोन आनतो, बेटी? जो मालासंग जातो तोच."

"चाचा," मी म्हणाले, "मग ते आहेत म्हणायचं, का..."

"शंभर वरसं होऊन गेली. हाय कुठून? मेलाच हाय." पुढची मूठ त्यानं उचलली. "मानसाचं काय झालं ते त्यानं सांगितलंच हुतं. मला ऐकू आलं न्हाई. निजायचा ती गठान वली हाय मनला. मानूस वला असल्याबिगर गठान वली कशी व्हईल?"

त्या ढिगातून अखेर एक मूठ ओली निघाली. त्यानं ती आपाच्या हाताच्या पाठीला लावली, मग माझ्या. गार पाण्यातून काढल्यासारखी होती. पानाच्या एका रिकाम्या डब्यात ती ठेवून त्यानं झाकण लावलं आणि डबा उशाशी घेतला. "बाकीचा सुटला," तो म्हणाला. "पोरांच्या दुपट्यात भरा. हा माझ्या कफनात ठेवायचा. माझ्यासंग त्याला बी माती भेटंल. आन जनाज्याच्या नमाजाच्या वक्ताला, लेकी, तू मनात दोघांची नियत धर."

त्यानंतर म्हाताऱ्यानं पिंजणाला हात लावला नाही. दारात खाट टाकून पडून राहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला काही विचारायचा नाही. बोळातली माणसं उलट चुकल्यासारखी थांबायची, आज प्रश्न कसा नाही म्हणून. पोस्टमन तर एकदा आपणहून म्हणाला, "चाचा, मला वाटतं बुडालं." म्हातारा म्हणाला, "हाव, बुडालं. माल तेवढा पोचला." जहाज बुडालं आणि माल पोचला हे कसं, असं पोस्टमननं विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्याला शांत बघून मला बरं वाटत होतं. त्या म्हाताऱ्यावर माझा जीव होता, हे मला त्या दिवसांत नीट कळलं.

पाऊस यायच्या आधीच तो गेला. सकाळी चहा द्यायला गेलेल्या आपाला कळलं. मयतीच्या अंघोळीला पाणी नव्हतं. मी कचेरीत धावत जाऊन ड्रायव्हरला सांगितलं आणि त्यानं टँकर सरळ बोळाच्या तोंडाशी आणला. त्या दिवशी रांगेतल्या बायांनी आपल्या घागरी आपणहून मागं घेतल्या.

अंघोळ घालणाऱ्याच्या हाती डबा द्यायच्या आधी आपानं झाकण काढून माझ्यापुढं धरला. इतके दिवस तो डबा त्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या घरात होता. मी हाताची पाठ लावली, ओल तशीच होती. मी मान हलवली. तिनं झाकण लावलं आणि डबा आत दिला.

जनाजा निघाला. बाया दारापाशी थांबल्या, त्यांच्यात मीही. म्हातारा शेवटी शेवटी इतका वाळला होता की आपा एकटी त्याला उचलून खाटेवरून आत आणायची. बोळाच्या तोंडाशी पोचायच्या आत मी बघितलं, खांदेकरी बदलले. पुन्हा थोडं पुढं गेल्यावर बदलले. दणकट माणसं होती, मार्केट यार्डात पोती उचलणारी.

दुपार कलल्यावर त्यांतला एक शेजारी परत आला. दारात टेकला आणि खांदा चोळायला लागला.

"चाचा तर कापसावानी हुते, आपा," तो म्हणाला. "माझा खांदा मोडायची येळ आली. चार पावलं जाईना कुनी. वली गठान उचलल्यावानी वझं."

आपानं त्याच्या खांद्याकडं बघितलं.

"हाव," ती म्हणाली. "दोघं हुते."

मग ती आत गेली आणि त्याच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.